तीस वर्षे उभी असलेली डीटी-वन: किक मारण्याआधी क्रँकचे सील

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोमधल्या आपल्या शेजाऱ्यांच्या कोठारात सुमारे तीस वर्षे उभी असलेली 1969 सालची यामाहा डीटी-वन आपण विकत घेतली. किक मारली की इंजिन फिरते, प्लगला ठिणगी येते आणि कॉम्प्रेशनही पायाला जाणवते. आता टाकी धुऊन, ताजे पेट्रोल घालून गाडी सुरू करून पाहावी आणि सुरू झालीच तर फ्रेमला पावडर कोटिंग व टाकीला नवा रंग देण्याचे काम हाती घ्यावे, असा आपला बेत आहे. हा क्रम बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे.

क्रम बरोबर नाही. कृपया ती गाडी अजून सुरू करू नका. डीटी-वनचे इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि अशा इंजिनाची दुरुस्ती क्रँकपासून, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्यापासून, बाहेरच्या दिशेने करायची असते. रंग सर्वांत शेवटी येतो आणि आपल्या गाडीच्या बाबतीत तर तो कदाचित येऊच नये. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्यात उमेदवारी करून बोअरिंग आणि क्रँकचे काम शिकलो. नंतरची वीसहून अधिक वर्षे कॅलिफोर्नियात साठच्या आणि सत्तरच्या दशकांतल्या जपानी टू-स्ट्रोक गाड्यांवरच काम करत आलो आहे. या काळात माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या इंजिनांपैकी बरीचशी कोठारात बिघडलेली नव्हती. कोठारातून बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात ती बिघडली होती.

याचे कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, हे तेल साठवण्याचे भांडे असते. टू-स्ट्रोकमध्ये मात्र तोच इंजिनाचा भाता असतो. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होते आणि कार्ब्युरेटरमधून मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन ट्रान्सफर पोर्टांतून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांतून, सिलिंडरमध्ये चढते. हा भाता क्रँकच्या दोन टोकांना बसवलेल्या रबरी ऑइल सीलवर टिकून असतो. वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या बाजूचे सील कोरड्या हवेत असते आणि क्लचच्या बाजूचे गिअर ऑइलमध्ये बुडालेले असते. तीस वर्षांत या रबराची लवचिकता जाते, सीलची ओठासारखी कड टणक होते आणि कधीकधी ती क्रँकला चिकटून बसते. पहिल्याच किकेला ती फाटते आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले की कार्ब्युरेटरला वळसा घालून बाहेरची हवा आत येते. मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, आयडलिंग आपोआप चढते आणि थ्रॉटल सोडला तरी आवाज लवकर उतरत नाही. नवख्याला वाटते की इंजिन किती मोकळे चालते आहे. प्रत्यक्षात पिस्टनचा माथा तापत असतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर उलटे होते. इंजिन गिअर ऑइल ओढून जाळू लागते, पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला राहतो आणि गिअरबॉक्समधले तेल कमी होत जाते. या दोहोंत पहिला दोष अधिक घातक, कारण तो ऐकायला गोड लागतो.

हे मी अनुभवाने सांगतो. अमेरिकेत आल्यावर घेतलेली माझी पहिली गाडी सुझुकी टीएस 250 होती. आपल्यासारखीच ती ठिणगी आणि कॉम्प्रेशन पाहून मी सुरू केली. गल्लीच्या दोन फेऱ्या उत्तम झाल्या. तिसऱ्या फेरीत थ्रॉटल पूर्ण बंद असतानाही इंजिन चढतच राहिले. मी ते आयडल स्क्रूचे काम समजून पुढे गेलो आणि चढावर पिस्टन जाम होऊन मागचे चाक अडकले. सिलिंडर उघडला तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला फासले गेले होते आणि रिंग खाचेतच बंद झाली होती. मॅग्नेटमागचे सील काढताना त्याची कड बिस्किटासारखी तुटून हातात आली. थोड्या पैशांच्या त्या वस्तूपायी पिस्टन, बोअर आणि तीन महिने गेले.

आपण घेतलेली गाडी तशी काळजी घेण्याजोगीच आहे. डीटी-वन ऑक्टोबर 1967 मधल्या टोकियो मोटर शोमध्ये प्रथम दाखवली गेली आणि 1968 मध्ये बाजारात आली. त्याआधी स्क्रॅम्बलर, म्हणजे कच्च्या वाटांवरची गाडी, म्हणून विकल्या जाणाऱ्या जपानी गाड्या बहुतांशी रस्त्यावरच्याच गाड्या होत्या. सायलेन्सर वर उचललेला, हँडल रुंद, टायरची नक्षी थोडी खोल, एवढाच फरक असे. यामाहाची बिग बेअर, सुझुकीची टीसी 250, कावासाकीची ए-वन एसएस या सगळ्या त्या घराण्यातल्या. दिसायला देखण्या आणि पळायला चपळ, पण मातीत उतरल्या की जड. डीटी-वन मात्र यामाहाच्या अमेरिकेतल्या शाखेच्या मागणीवरून मातीसाठीच बेतली गेली. 246 सीसीचा एकच सिलिंडर, 70 मिलिमीटर बोअर, 64 मिलिमीटर स्ट्रोक, पुढे 19 इंची चाक आणि तेलपाण्याशिवायचे वजन सुमारे 112 किलो. आपल्या 1969 च्या गाडीत मिश्रण आत घेण्याची वाट उघडण्या-मिटण्याचे काम पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे त्याचा खालचा घेरच करतो. त्यासाठी वेगळी झडप, म्हणजे रीड व्हॉल्व्ह, 1972 च्या डीटी-टूपासून आली. म्हणून स्कर्ट किती झिजला आहे हे आपल्या इंजिनात जास्त महत्त्वाचे.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात स्क्रू-ड्रायव्हरपासून करावी लागते, आणि मी हे मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण गाडीचे पहिले नुकसान इथेच होते. या गाड्यांच्या कव्हरांवरचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे आहेत. अमेरिकेत सर्रास मिळणारा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत बसल्यासारखा दिसतो, पण त्याचे टोक खाचेच्या तळाला पूर्ण टेकत नाही. जोर दिला की तो वर उचलला जातो आणि खाच गोल होते. त्या काळच्या अनेक जपानी स्क्रूंच्या डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखा एक बारीक ठिपका असतो, ती त्यांची खूण. जपानी मापाचा ड्रायव्हर घ्या, स्क्रूवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडा आणि सकाळी हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. ठोका सरळ आणि जोराचा एकच द्यावा, कारण भीतभीत दिलेले दहा ठोके खाच खाऊन टाकतात. निघालेले स्क्रू कव्हराचा आकार पुठ्ठ्यावर काढून त्या त्या जागी टोचून ठेवा. त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात घट्ट केला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात किंवा केस फुटते.

मॅग्नेटचे चाक काढायला पुलर लागतो. त्या काळच्या यामाहा सिंगलना बहुधा डाव्या आट्यांचा पुलर बसतो, म्हणून तो लावण्याआधी चाकाच्या आतले आटे टॉर्चने पाहून खात्री करा. दोन स्क्रू-ड्रायव्हर अडकवून चाक उचकटण्याचा मोह कोणालाही होतो, पण त्यात मागची कॉइल आणि क्रँकचे टोक दोन्ही जायबंदी होतात. चाक निघाले की शाफ्टवरची अर्धचंद्राकृती चावी लगेच डबीत ठेवा.

पुष्कळदा विचारतात की केस न उघडता नुसते सील बदलता येईल का. मॅग्नेटच्या बाजूचे सील अनेक इंजिनांत बाहेरून काढता येते. पण तीस वर्षे उभ्या असलेल्या गाडीत तेवढ्यावर भागवू नये असे माझे ठाम मत आहे. पिस्टन ज्या जागी थांबला होता तिथे क्रँककेसच्या तळाशी दमट हवा आणि जुन्या पेट्रोलची मळी साठलेली असते. त्यामुळे कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या निडल बेअरिंगवर आणि क्रँकपिनवर गंजाचे ठिपके पडतात. हाताने फिरवताना ते कळत नाहीत. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर मात्र तेच ठिपके बेअरिंग खातात आणि त्याचा चुरा वरच्या पिस्टनपर्यंत जातो.

म्हणून केस उघडा. डीटी-वनची केस उभी, डावी-उजवी अशी दुभंगते. सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. तिथला एक ओरखडासुद्धा पुढे हवा ओढतो. केस सोडवायचे पुलर मिळतात, ते वापरा. क्रँक हातात आला की रॉड वर धरून छोटे टोक डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. तिथला खेळ 2 मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर रॉड, पिन आणि बेअरिंग यांचा संच बदलायला झालाच. वर-खाली मात्र जराही खेळ चालत नाही. हा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो हायड्रॉलिक प्रेसवर सोडवून पुन्हा जोडावा लागतो आणि नंतर दोन्ही टोके आधारावर ठेवून डायल गेजने सरळ करावा लागतो. 0.03 मिलिमीटरपेक्षा जास्त थरथर राहता कामा नये. हे काम घरी करण्याचे नाही. उद्यमनगरात आमचे वस्ताद तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका देत, मग गेजकडे पाहत, मग विडी खाली ठेवून दुसरा ठोका देत. त्या दोन ठोक्यांमधल्या विचाराचे पैसे असतात. टू-स्ट्रोक क्रँकचेच काम करणारा माणूस शोधा आणि त्याला घाई करू नका.

मेन बेअरिंग आणि सील यांसाठी यामाहाच्या डब्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. बेअरिंगच्या कडेवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो आणि तीच बेअरिंगे नामांकित उत्पादकांकडून आजही मिळतात. फक्त सी-थ्री खेळाची, म्हणजे नेहमीपेक्षा थोडी मोकळी असलेलीच घ्या, कारण तापल्यावर क्रँकला ती जागा लागते. बसवताना केस ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापवून आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून काम केले तर बेअरिंग स्वतःच्या वजनाने जागेवर बसते. ठोकण्याची वेळ आली तर काहीतरी चुकते आहे असे समजा.

सिलिंडरमध्ये बिडाची स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, आहे, त्यामुळे तो बोअर करता येतो आणि पिस्टन 0.25 मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे मिळतात. पहिल्या बोअरला शक्य तितका लहान टप्पा घ्या, म्हणजे पुढच्या पिढीला सिलिंडर शिल्लक राहील. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. पिस्टन मोजून, त्याच्यासोबत दिलेल्या आकड्याप्रमाणे फट ठेवायची असते आणि ती मिलिमीटरच्या शतांशांत मोजली जाते. बोअर झाल्यावर प्रत्येक पोर्टची कड बारीक कानशीने मोडून घ्या. फोर-स्ट्रोकचेच काम करणारे टर्नर हे हमखास विसरतात आणि मग धारदार कडेत रिंग अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे हवा आणि रिंगांची टोके खाचेतल्या पिनांना धरून बसायला हवीत.

इथे दुसऱ्या गाड्यांविषयी थोडे लिहितो, कारण या कामाची गोडी लागली की माणूस एका गाडीवर थांबत नाही. बिग बेअर आणि टीसी 250 या जोड-सिलिंडरच्या गाड्यांत दोन क्रँककेस शेजारी असतात आणि त्यांच्यामधला हवा अडवणारा अडसरही तितकाच महत्त्वाचा असतो. तो बदलायला क्रँक पूर्ण सोडवावा लागतो. ज्यांनी पुण्या-मुंबईत राजदूत 350 बाळगली आहे, त्यांना तिच्या यामाहा आरडी घराण्यामुळे यामाहाच्या जोड-सिलिंडरची ही रचना ओळखीची वाटेल. कावासाकी ए-वन एसएसमध्ये क्रँकच्या दोन्ही टोकांना मिश्रण आत सोडणाऱ्या फिरत्या चकत्या असतात आणि कार्ब्युरेटर त्यांच्या कव्हरांखाली दडलेले असतात, म्हणजे हवा ओढण्याच्या जागा आणखी वाढल्या. ब्रिजस्टोनच्या गाड्यांत सिलिंडरला आतून कठीण क्रोम असतो. तो बोअर करता येत नाही, हे घेण्याआधीच ध्यानात असू द्या.

इंजिन जोडून झाले की त्याची दाबाची परीक्षा घ्या. कार्ब्युरेटरचे आणि एक्झॉस्टचे तोंड रबरी बुचांनी बंद करून, हातपंपाने सहा पीएसआय (दर चौरस इंचावर सहा पौंड) एवढाच दाब द्यायचा आणि सहा मिनिटे थांबायचे. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडा शोधायचा. सील, सिलिंडरखालचे पॅकिंग, केसचा सांधा, सगळीकडे. सील एका दिशेने धरते आणि दुसऱ्या दिशेने सोडते असेही होते, म्हणून हीच परीक्षा उलट्या दिशेने, म्हणजे हवा ओढूनही घ्यावी. गाडी पहिल्यांदा सुरू होते तो क्षण लोकांना आवडतो. मला त्याहून हा क्षण आवडतो. दाबमापकाचा काटा सहावर ठेवून चहा करायला जावे आणि परत यावे तो काटा तिथेच असावा.

ऑटोल्यूब, म्हणजे स्वतंत्र टाकीतून तेल देणारा पंप, काढून टाकण्याचा सल्ला आपल्याला पुष्कळ जण देतील. लूना आणि चेतक चालवताना पेट्रोल पंपावर मापाने टू-टी तेल ओतून घ्यायची आपल्याला सवय होती, त्यामुळे तो सल्ला सोपाही वाटतो. तरी पंप ठेवा. तो इंजिनाच्या फेऱ्या आणि थ्रॉटल दोन्ही पाहून तेल देतो, आणि टाकीत मिसळलेल्या तेलाला हे जमत नाही. मात्र त्याच्या नळ्या नव्या घाला, टाकीतले जुने घट्ट झालेले तेल संपूर्ण काढा, पंपातली हवा ब्लीड स्क्रूवाटे काढून टाका आणि थ्रॉटलची केबल ओढल्यावर पंपाच्या पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी येते का ते पाहा. पहिली टाकी मात्र पंप चालू असूनही पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच वापरा. थोडा धूर होईल, होऊ द्या. पंप तेल देतो आहे हे तेलाच्या टाकीची पातळी मोजून पक्के झाले की मग साधे पेट्रोल.

मिकुनी कार्ब्युरेटर धुताना त्यातले मूळ पितळी जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, फेकू नका. स्वस्त दुरुस्ती संचांत येणाऱ्या जेटवर आकडा बरोबर असतो, भोक मात्र पुष्कळदा नसते. संचातले रबर आणि पॅकिंग घ्या, जेट जुनेच स्वच्छ करून बसवा. पायलट जेटमध्ये तार घालू नका. त्यातून आरपार उजेड दिसेपर्यंत ते क्लीनरमध्ये भिजत ठेवा. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधली जोडणी आणि एअर फिल्टरकडचे रबर भेगांसाठी वाकवून पाहा. फिल्टरचा जुना स्पंज बोटाने दाबला की त्याचे पीठ होते, आणि ते पीठ थेट इंजिनात जाते. ही गोष्ट मी दोनदा पाहिली आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून हिवाळ्यात गाडी उभी करताना कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

विजेचे काम त्यामानाने थोडे आहे. सहा व्होल्टची व्यवस्था तशीच राहू द्या, ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर नवे घाला आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, प्लगच्या भोकात डायल गेज लावूनच जुळवा. चांगली बॅटरी जोडलेली असू द्या, नाहीतर फेऱ्या वाढल्या की बल्ब उडतात.

सायलेन्सरमधला काजळीचा थर काढायला कॉस्टिक सोडा उत्तम काम करतो. पण हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ते पाणी ॲल्युमिनियमच्या कोणत्याही भागाला लागू देऊ नका. ते ॲल्युमिनियम अक्षरशः खाते.

आता रंगाचे. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत टाकीवरचा मूळ रंग आणि पट्टे बऱ्यापैकी शाबूत आहेत. गुडघा घासून गेलेली जागा आणि झाकणाखालचा ओघळ, एवढेच काय ते डाग दिसतात. त्यांना हात लावू नका. मऊ कापड, साबणाचे पाणी आणि थोडे मेण पुरे. नवा रंग पुढच्या वर्षीही देता येईल, पण 1969 साली कारखान्यात चढलेला हा थर एकदा खरवडला की गेला. टाकीच्या आतला गंज सायट्रिक ॲसिडने काढा. आतून लेप देणारी रसायने टाळा, कारण ती काही वर्षांनी सुटून पापुद्रे कार्ब्युरेटरमध्ये येतात. पावडर कोटिंगलाही माझा विरोध आहे. त्याचा जाड थर इंजिन बसवण्याच्या जागा आणि अर्थिंगचे सांधे झाकतो, फ्रेमवरचा क्रमांक बुजवतो आणि त्याखाली सुरू झालेला गंज दिसू देत नाही. फ्रेम खरोखर गंजली असेल तर साध्या काळ्या रंगाचा पातळ हात द्या. नट-बोल्ट मात्र नवे चमकदार आणण्यापेक्षा जुनेच झिंक प्लेटिंग करून घ्या. त्यांच्या डोक्यांवरच्या खुणा त्या काळच्या आहेत.

गाडीवर यामाहाचा जीवायटी संच, म्हणजे शर्यतीसाठीचा वेगळा सिलिंडर, पिस्टन आणि एक्झॉस्ट निघाला, तर तोही जपून ठेवा. त्या काळी अमेरिकेत पुष्कळांनी तो बसवून घेतला होता आणि तो गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा घराबाहेर, पंखा इंजिनासमोर ठेवून, दोन-तीन मिनिटेच चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. असे तीन वेळा करा. थंड असतानाच हेडचे नट टॉर्क रेंचने तपासा. पहिले काही शे किलोमीटर एकाच वेगाने लांब पल्ला नको आणि थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नको. उतारावर थ्रॉटल बंद करून इंजिनाने गाडी रोखू नका, कारण तेव्हा फेऱ्या चढ्या असतात आणि तेल सर्वांत कमी मिळत असते. मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलला हलका हात द्या. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर प्लग काढून पाहा. चहाच्या रंगाचा असेल तर पुढे जा. पांढरा असेल तर गाडी ढकलत घरी आणा आणि पुन्हा तो सहा पीएसआयचा पंप जोडा.